ओझं आणि आधार : ओस्लोच्या विगेलंड उद्यानाविषयी



ही व्याख्यानमाला एका माणसाच्या नावानं चालते. स्मरण म्हटलं की नाव आलंच, असं आपण धरून चालतो. चौकातल्या पुतळ्याखाली नाव असतं, जन्ममृत्यूची सालं असतात, अनावरण कुणाच्या शुभहस्ते झालं तेही कोरलेलं असतं, आणि कधी कधी हे हस्तवाले गृहस्थ पुतळ्यातल्या माणसापेक्षा मोठ्या अक्षरांत असतात. आज मी ज्या जागेविषयी बोलणार आहे तिथे ब्राँझची आणि ग्रॅनाइटची मिळून दोनशेहून अधिक शिल्पं उघड्यावर उभी आहेत. सगळी माणसांची. पण ही माणसं कोण, त्यांनी काय पराक्रम केला, कुठल्या साली गेली, याचा पत्ता लागत नाही. पाटी नाही, शीर्षक नाही, अंगावर कपडेही नाहीत, त्यामुळे राजा की रखवालदार हेही ओळखू येत नाही. याला एक अपवाद आहे, त्याच्याकडे मी शेवटी येईन.

ही जागा म्हणजे नॉर्वेच्या राजधानीतलं, ओस्लोतलं विगेलंड उद्यान. फ्रोग्नर नावाच्या मोठ्या बागेचा तो एक भाग आहे. साधारण 850 मीटर लांबीच्या एका सरळ रेषेवर प्रवेशद्वार, पूल, कारंजं, एकाश्म स्तंभ आणि शेवटी जीवनचक्र अशी त्याची मांडणी. तिकीट नाही, बंद व्हायची वेळ नाही. आणि हे सगळं एकाच शिल्पकाराचं काम आहे : गुस्ताव विगेलंड, जन्म 1869, मृत्यू 1943. दक्षिण नॉर्वेतल्या मांदाल गावाजवळच्या एका सुताराचा हा मुलगा. आधी लाकूड कोरायला शिकला, 1893 मध्ये पॅरिसला शिल्पकार रोदँची कार्यशाळा पाहून आला, त्रोन्हाइमच्या जुन्या कॅथीड्रलच्या दुरुस्तीत शिल्पकामाची नोकरी केली. नोबेल शांतता पुरस्काराचं पदक त्यांनीच घडवलेलं आहे. पुढे शहराला ग्रंथालय बांधायचं होतं आणि त्यासाठी त्यांची जुनी कार्यशाळा पाडावी लागणार होती. त्यातून 1921 मध्ये एक विलक्षण करार झाला. महापालिकेनं त्यांना नवी प्रशस्त कार्यशाळा बांधून द्यायची, राहायची सोय करायची, आणि बदल्यात विगेलंड यांनी आपली सगळी शिल्पं, रेखाटनं, लाकडावरची मुद्राचित्रं शहराला द्यायची. तेव्हा त्या शहराचं नाव क्रिस्तियानिया होतं, 1925 पासून ते ओस्लो झालं. ती कार्यशाळा आज त्यांचं संग्रहालय आहे. एका शहरानं एका कलावंतावर इतका पैसा आणि इतकी जागा का लावावी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. तो रास्तच होता, पण आजचा माझा विषय तो नाही.

या उद्यानाची ओळख सहसा एका वाक्यात करून दिली जाते : माणसाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या अवस्था आणि त्यांतल्या भावभावना इथे दगडात आणि धातूत कोरल्या आहेत. हे खोटं नाही. पण असं वाचून गेलेला माणूस तिथे अवस्थांचा जिना शोधू लागतो. युरोपात सोळाव्या शतकापासून असा जिना चित्रांतून छापला जात होता. डावीकडून पायऱ्या चढत जाणारं बाळ, कुमार, तरुण, मधोमध पन्नाशीचा कर्ता पुरुष, मग उजवीकडे उतरण, काठी, खाट आणि कबर. स्कँडिनेव्हियातल्या घराघरांत ही चित्रं टांगलेली असत. आपल्याकडची चार आश्रमांची कल्पना नीतीच्या दृष्टीनं फार वेगळी, पण तिचाही आकार जिन्याचाच : एक संपला की दुसरा, आणि चढणारा माणूस एकटा. विगेलंड यांच्या उद्यानात असा जिना मिळत नाही. मग तिथे वय कशानं ओळखायचं? माझं म्हणणं असं की तिथे वय चेहऱ्यावरून किंवा सुरकुत्यांवरून तितकंसं ठरत नाही, ते वजनावरून ठरतं. कोण कुणाला उचलून धरतं, कोण कुणावर रेलतं, कुणाचं ओझं कुणाच्या पाठीवर आहे, यावरून. बालपण म्हणजे उचललं जाणं. मधलं वय म्हणजे उचलणं. म्हातारपण म्हणजे कुणीतरी शेजारी टेकायला असणं किंवा नसणं. आणि भावना, ज्यांना आपण मनातली गोष्ट समजतो, त्या इथे दोन शरीरांच्या मधल्या जागेत घडतात. हे माझं विधान मला सिद्ध करून दाखवायचं आहे.

पुलापासून सुरुवात करू, कारण पुलावर माझं विधान आधी चुकीचंच वाटतं. शंभर मीटर लांबीच्या या पुलाच्या दोन्ही कठड्यांवर ब्राँझच्या 58 आकृती आहेत, आणि त्यांतली सर्वांत लोकप्रिय आकृती अगदी एकटी आहे. ओस्लोला गेलेला प्रत्येक जण जिच्याशेजारी फोटो काढून येतो ती ही आकृती म्हणजे चिडलेला पोरगा. दोन्ही मुठी आवळलेल्या, एक पाय आपटण्यासाठी उचललेला, तोंड रडण्यासाठी पसरलेलं, खांदे कानाला लागलेले. येणारेजाणारे त्याचा डावा हात धरतात, त्यामुळे सगळं अंग काळसर आणि तेवढा हात पिवळाधमक झाला आहे. त्याला कुणी उचलून घेतलेलं नाही. पण हा राग कुणावर आहे? ज्या मुलाच्या आसपास कोणीच नाही ते मूल पाय आपटत नाही. त्या रागाला प्रेक्षक लागतो. या पोराचा सगळा पवित्रा समोरच्या कुणा मोठ्या माणसाकडे रोखलेला आहे, आणि समोर उभे असतो आपण. लोकांना त्याचा हात धरावासा का वाटतो, याचं उत्तर यातच आहे. तिथे कुणी सांगितलेलं नसताना हजारो अनोळखी माणसं रिकामी असलेली एक जागा भरून काढतात. कला समीक्षकांना ही शिल्पाची झीज वाटते, मला तो शिल्पाचा उरलेला अर्धा भाग वाटतो.

त्याच पुलावर आणखी एक आकृती आहे. एक नागडा धिप्पाड पुरुष एका पायावर उभा, आणि त्याच्या अंगाभोवती चार तान्ही पोरं उडत आहेत. एक उचललेल्या पायावर, बाकीची दंडांवर आणि पाठीवर. तो त्यांना खेळवतो आहे की झटकून टाकतो आहे? दोन्ही अर्थ लावणारे लोक आहेत. विगेलंड यांनी शिल्पांना स्पष्टीकरणं जोडली नाहीत, आणि हे शिल्प पाहताना त्यामागचा शहाणपणा पटतो. ज्या बापानं रात्री अडीच वाजता रडणारं मूल खांद्यावर घेऊन खोलीत येरझारा घातल्या आहेत त्याला खेळवणं आणि झटकणं यांत किती कमी अंतर असतं ते सांगावं लागत नाही. पाटी लावली असती तर दोहोंपैकी एक अर्थ कापला गेला असता.

आता ब्राँझ आणि ग्रॅनाइट यांतला फरक पाहू, कारण माझ्या मुद्द्याचा खरा पुरावा तिथे आहे. ब्राँझ ओततात. आतून पोकळ, चिवट, ताण सहन करणारा धातू. त्यात हात हवेत फेकता येतो, पाय उचलता येतो, केस उडवता येतात. पुलावरची माणसं म्हणून धावतात, नाचतात, भांडतात. ग्रॅनाइटचं तसं नाही. हा दगड कठीण आहे आणि ठिसूळही. शरीरापासून लांब काढलेला बारीक हात ग्रॅनाइटमध्ये टिकत नाही, बोटांच्या पेरांची नक्षी साधत नाही. या दगडात कोरायचं तर हात छातीशी, गुडघे पोटाशी, आणि दुसरं माणूस जवळ घ्यायचं तर अगदी चिकटून. तरुणपणी विगेलंड यांची माणसं किडकिडीत, व्याकूळ, रोदँच्या सावलीतली होती. 1897 मधला त्यांचा ‘नरक’ हा ब्राँझचा उठावपट पाहिला की ते लक्षात येतं. 1915 च्या सुमाराला ते कारंज्याभोवती ठेवण्यासाठी ग्रॅनाइटचे समूह घडवू लागले आणि माणसं भरली, गोळीबंद झाली, एकमेकांना बिलगली. कुणी म्हणेल की मग ही जवळीक दगडाच्या अडचणीतून आली, त्यात जीवनदर्शन कसलं शोधता? आक्षेप बिनतोड वाटतो. पण अडचण सगळ्याच शिल्पकारांना सारखी असते. ग्रॅनाइटमधून एकटा, ताठ, हात अंगाला चिकटवून उभा राहिलेला राजा इजिप्तच्या शिल्पकारांनी हजारो वर्षं कोरला. दगडानं सांगितलं ‘पसरू नकोस’. त्यावर ‘मग दोघं मिळून बसा’ हे उत्तर विगेलंड यांचं.

स्तंभाच्या भोवतीच्या गोल पायऱ्यांवर असे 36 समूह आहेत. त्यांतला एकच जवळून पाहू. एक आई हातापायांवर रांगते आहे, घोडा झाली आहे. पाठीवर दोन मुलं स्वार. तिची वेणी तिच्याच तोंडातून आडवी घेतलेली, आणि वेणीचा लगाम मुलांच्या हाती. पहिल्या नजरेला खेळ. आपल्याकडेही बाप असा घोडा होतो आणि पोरं चाबूक म्हणून टॉवेल फिरवतात. पण ही वेणी तोंडात आहे, म्हणजे बाईला बोलता येत नाही. आणि तिची पाठ पाहा : मुलांच्या वजनानं वाकलेली नाही, सपाट आहे, चौरंगासारखी. हौस, सहनशीलता, मुकेपण, मुलांची बेफिकिरी, या सगळ्याला एक शब्द मराठीत नाही, माझ्या मते कुठल्याच भाषेत नसावा. तिथून काही पावलांवर दोन वृद्ध स्त्रिया बसल्या आहेत. ग्रॅनाइटसारख्या राठ दगडात ओघळलेली कातडी दाखवायची म्हणजे सपाट पृष्ठभागाला नुसते हलके उतार द्यायचे. तेवढंच केलं आहे. त्यांच्या पाठीवर कोणी नाही, त्या एकमेकींजवळ आहेत. आणि लक्षात घ्या की या पायऱ्या गोल आहेत. युरोपातल्या त्या जुन्या चित्रातला जिना इथे वाकवून वर्तुळ केला आहे. कुठूनही चढा, पहिली पायरी बालपणाची आणि शेवटची मरणाची असा हिशेब लागत नाही.

या पायऱ्यांच्या माथ्यावर तो प्रसिद्ध एकाश्म स्तंभ. वेरूळचं कैलास लेणं एकाश्म आहे हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे एका दगडात कोरलं म्हटल्यावर मराठी माणूस पटकन दबत नाही. तरी हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. आग्नेय नॉर्वेत, स्वीडनच्या सरहद्दीवरच्या इद्दे फ्योर्डच्या खाणीतून एक अवाढव्य शिळा काढली, ती ओस्लोला आणली आणि जागेवर उभी केली. भोवती लाकडी शेड बांधली. विगेलंड यांनी 1924-25 मध्ये मातीत नमुना केला होता, त्यावरून पूर्ण मापाचा प्लास्टरचा नमुना शेजारी उभा केला, आणि तीन पाथरवटांनी 1929 मध्ये कोरायला सुरुवात केली. बिंदू बिंदू मोजून प्लास्टरवरचं माप दगडावर उतरवायचं. हे काम 1943 पर्यंत चाललं. चौदा वर्षं. कोरलेला भाग 14.12 मीटर, चौथऱ्यासकट साधारण 17 मीटर, आणि त्यात 121 माणसं. तळाशी निपचित, दबलेली शरीरं, वर सरकत जाणारी माणसांची वळणं, आणि टोकाला लहान मुलं. याला कोणी पुनरुत्थान म्हणतं, कोणी ईश्वराची ओढ म्हणतं, कोणी जगण्याची झटापट. माझं लक्ष एका साध्या गोष्टीकडे जातं. या खांबाला आत कणा नाही. माणसं खांबाला चिकटवलेली नाहीत, माणसांचाच खांब आहे. वरचं मूल ज्या उंचीवर आहे ती उंची खालच्या शरीरांची आहे, आणि त्यांतल्या काहींना तर आपण कुणाला पेलतो आहोत याची जाणीवही उरलेली नाही.

कारंज्याविषयी थोडक्यात. सहा राक्षसी पुरुष एक प्रचंड पात्र खांद्यावर घेऊन उभे आहेत, भोवती झाडांचे वीस समूह, त्यांच्या फांद्यांत मुलं, तरुणी, प्रेमिक, म्हातारा, आणि सांगाडाही. खालच्या 60 उठावपटांत मरण येऊन थांबत नाही. कुजणं आणि पुन्हा उगवणं तिथेच पुढे चालू राहतं. हे सगळं मुळात संसदेसमोरच्या चौकासाठी आखलं होतं, तिथून हलत हलत 1924 मध्ये फ्रोग्नरला येऊन स्थिरावलं. रेषेच्या अगदी शेवटी 1933-34 चं जीवनचक्र आहे : स्त्रीपुरुष आणि मुलं एकमेकांना धरून झालेलं तीन मीटर व्यासाचं कडं. इथे आपल्याला अजिंठ्याची आठवण होणं अपरिहार्य आहे. सतराव्या लेण्याच्या व्हरांड्यात भवचक्र रंगवलेलं आहे, आज फार खराब झालेल्या अवस्थेत. बौद्ध परंपरेत ते चक्र यमानं, म्हणजे अनित्यतेनं, आपल्या नखांत आणि दातांत धरलेलं असतं. माणसं चक्राच्या आत, आणि चक्र दुसऱ्या कुणाच्या हातात. विगेलंड यांच्या चक्राला बाहेरून धरणारा नाही. एकाचा हात सुटला तर चक्रच उरत नाही. या दोन्हींत थेट संबंध असल्याचा माझा दावा नाही. पण एकाच आकृतीतून दोन संस्कृतींनी काढलेल्या अर्थांतला हा फरक पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिकडे चक्रातून सुटणं हे ध्येय, इकडे न सुटणं हीच चक्राची घडण.

आता या उद्यानाविरुद्धच्या सर्वांत गंभीर आरोपाकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर काही टीकाकारांना इथे नाझी सौंदर्यदृष्टीचा वास आला. भव्य अक्ष, सममिती, नग्न बलदंड शरीरं, व्यक्ती पुसून टाकणारा जमाव. आरोप हवेतला नाही. जर्मनीनं नॉर्वे व्यापलं एप्रिल 1940 मध्ये, आणि पूल लोकांसाठी खुला झाला त्याच वर्षी. स्तंभाचं कामही व्यापलेल्या शहरातच पूर्ण झालं. या आरोपाला तारखांनी उत्तर देण्याची एक पद्धत आहे : कारंज्याचा नमुना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला, स्तंभाचा 1924-25 चा, हिटलर सत्तेवर आला 1933 मध्ये. मला हे उत्तर अपुरं वाटतं. एखादी दृष्टी सत्तेवर येण्याआधीही हवेत असते. म्हणून तारखा बाजूला ठेवून शिल्पंच शेजारी शेजारी ठेवू. हिटलरच्या बर्लिनमधल्या नव्या चॅन्सेलरीच्या अंगणात आर्नो ब्रेकर या शिल्पकाराचे दोन नग्न पुरुष उभे होते. एकाच्या हातात मशाल, तो म्हणजे पक्ष. दुसऱ्याच्या हातात तलवार, तो म्हणजे सैन्य. दोघंही तरुण, दोघंही एकटे, दोघांच्याही अंगावर सुरकुतीला जागा नाही. विगेलंड यांच्या उद्यानात बलदंड पुरुष आहेत, पण त्यांच्या हातात मशाल आणि तलवार येऊ शकत नाही, कारण हात मोकळे नाहीत. हातांत मूल आहे, बाई आहे, म्हातारा आहे. आणि ज्या विचारसरणीनं दुर्बल शरीराला जगण्याचा हक्कच नाकारला तिच्या उद्यानात ओघळलेल्या स्तनांच्या दोन म्हाताऱ्या मधल्या पायरीवर, तरुणांच्या बरोबरीनं बसल्या नसत्या. 1944 च्या नाताळात, शहर अजून जर्मनांच्या ताब्यात असताना, स्तंभ पहिल्यांदा लोकांना दाखवला तेव्हा त्या लाकडी शेडमध्ये 1,80,000 माणसं येऊन गेली. गर्दी हा कलेच्या निर्दोषपणाचा पुरावा होत नाही, हे मान्य. पण जर्मन ताब्याच्या पाचव्या हिवाळ्यात इतक्या लोकांना माणसांवर माणसं रचलेला एक दगड पाहावासा वाटला, ही गोष्ट मला टीकाकारांच्या मतापेक्षा जास्त विचार करायला लावते.

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीचा वाटतो, आणि त्याचं पूर्ण निरसन माझ्याकडे नाही. या उद्यानाला सार्वत्रिक माणूस दाखवायचा आहे. म्हणून कपडे काढले, नावं काढली. पण कपड्यांबरोबर कामही निघून गेलं. इथे कुणी नांगरत नाही, जाळं टाकत नाही, दळत नाही, हिशेब लिहीत नाही. माणसाच्या आयुष्यातली बहुतेक वर्षं ज्या कामात जातात ते काम आयुष्याच्या या पटावर नाही. भूक नाही, मालक नाही, जात-वर्ग नाही. आणि सार्वत्रिक म्हणून जे उरलं त्यात बाई पुन्हा आईच ठरते. पुलाच्या चार कोपऱ्यांवर उंच खांब आहेत, त्यांवर माणूस आणि सरड्यासारखा राक्षस. तिघं पुरुष त्याच्याशी झुंजतात, चौथ्या खांबावरची बाई त्याच्या मिठीत शरण गेली आहे. हे चिरंतन सत्य मानायचं की 1869 साली जन्मलेल्या एका पुरुषाचं मत? मी दुसऱ्या पर्यायाकडे झुकतो. आपल्या विनायक करमरकरांकडे पाहिलं तर ही उणीव जास्त जाणवते. पुण्यातला शिवछत्रपतींचा 1928 चा अश्वारूढ पुतळा घडवणाऱ्या या शिल्पकाराचं शिल्पालय अलिबागजवळ सासवण्याला आहे. तिथल्या साध्या, गावातल्या माणसांनाही नाव नाही, पण ती कुठल्या मातीतली आणि कुठल्या कष्टाची हे बघताक्षणी कळतं. कपडे आणि काम ठेवूनही माणूस सगळ्यांचा होऊ शकतो. विगेलंड यांच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की सगळं काढून टाकल्यावरही त्यांनी एक श्रम शिल्लक ठेवला, माणसानं माणसाला उचलण्याचा. ज्याची मजुरी कुणी देत नाही तो. घरातल्या आजाऱ्याला कुशीवर वळवणाऱ्या बाईला हा श्रम आहे हे सांगावं लागणार नाही, आणि कुठल्याही चौकात तिचा पुतळा नाही.

आता तो सुरुवातीला राखून ठेवलेला अपवाद. मुख्य प्रवेशद्वाराच्या बाजूला एक आकृती आहे जिला कपडे आहेत. कामाचा अंगरखा, हातांत हातोडी आणि छिन्नी. हे गुस्ताव विगेलंड स्वतः, 1942 चं आत्मशिल्प. म्हणजे जे इतर सगळ्यांकडून काढून घेतलं ते सगळं, वेष, व्यवसाय, हत्यारं आणि नाव, त्यांनी स्वतःकडे ठेवलं. शिवाय हे हत्यारं धरलेले हात स्तंभावर चालले नव्हते, त्यांनी मातीचा नमुना केला होता. ग्रॅनाइटवरची छिन्नी चौदा वर्षं त्या तिघा पाथरवटांची होती. शिल्पकारानं नमुना करायचा आणि कारागिरांनी दगड फोडायचा ही त्या काळची सर्रास पद्धत होती, आणि विगेलंड यांनी ती लपवलेली नाही. तरीही माझा आजवरचा सगळा युक्तिवाद खरा असेल, म्हणजे कोण कुणाला उचलून धरतं यावरून इथे माणूस ओळखायचा असेल, तर तो नियम या शिल्पालाही लावून पाहायला हवा. 12 मार्च 1943 ला विगेलंड गेले आणि काम त्यांच्यामागे चालू राहिलं. पुलापाशी, पाण्याच्या पातळीवर, लहान मुलांसाठी एक गोल जागा आहे. तिथे ब्राँझची आठ तान्ही मुलं आणि मधल्या ग्रॅनाइटच्या खांबावर, डोकं खाली करून, अजून जन्माला न आलेलं एक नववं. वरून पाहणाऱ्याला ते दिसतं, प्रवेशद्वारातल्या अंगरखावाल्या म्हाताऱ्याला मात्र दिसत नाही. त्याचे दोन्ही हात हातोडीत आणि छिन्नीत गुंतलेले आहेत.